कंसातला आवाज

मराठीत ‘ऐकणं’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक कानाचा, दुसरा आज्ञेचा. ‘कार्टं ऐकतच नाही’ असं एखादी आई म्हणते, तेव्हा तिला मुलाची श्रवणचाचणी करून घ्यायची नसते. आपल्या भाषेत कान हा शिस्त लावण्याचाच अवयव आहे. तो पिळायचा, उपटायचा, टोचायचा, आणि एवढ्यानं भागलं नाही तर कानउघाडणी करायची. ज्याचा आवाज मोठा त्याचं चालतं. ज्याचं चालत नाही तो मुकाट बसतो.

क्रिस्टीन सन किम या बधिर दृश्यकलाकाराचं काम समजून घ्यायला हे शब्द फार उपयोगी आहेत. तिला मराठी येत नाही, पण ती ज्या गोष्टीवर गेली दहा-पंधरा वर्षं चित्रं काढते आहे, ती गोष्ट आपल्या वाक्प्रचारांत आधीपासून बसलेली आहे. आवाज ही फक्त हवेतली कंपनं नाहीत, ती सत्ता आहे. कुणी करायचा, किती करायचा आणि कुणासाठी दाबायचा, याचे नियम असतात. ते नियम सगळ्यात चांगले कुणाला माहीत असतील? ज्याला आवाज ऐकूच येत नाही, पण तरी तो सांभाळावा लागतो, त्याला.

किम १९८० साली कॅलिफोर्नियात जन्मली. आईवडील कोरियाहून आलेले, ऐकू येणारे. ती जन्मापासून बधिर. आता बर्लिनमध्ये राहते. ‘मूकबधिर’ हा शब्द इथे मी मुद्दाम वापरत नाही. तिच्याकडे भाषा आहे, अमेरिकन सांकेतिक भाषा, आणि ती त्या भाषेत भरपूर बोलते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ संग्रहालयानं ध्वनिकलेचं एक मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात तिचं काम होतं. २०२५ मध्ये तिथल्याच व्हिटनी संग्रहालयात ‘ऑल डे ऑल नाइट’ या नावानं तिच्या आजवरच्या कामाचं प्रदर्शन झालं. मी ही चित्रं फोनच्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिली आहेत, भिंतीवर नाही. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात असू द्या, कारण या गोष्टीचा संबंध शेवटी येणार आहे.

दार हळू लाव

किमनं २०१५ च्या टेड व्याख्यानात आपल्या लहानपणाबद्दल सांगितलं आहे. आवाज ही आपली वस्तू नाही, ती ऐकू येणाऱ्यांची आहे, असं तिला वाटत असे. पण त्या वस्तूचे शिष्टाचार मात्र तिला पाळावे लागत. दार आपटू नये, खुर्ची ओढू नये, चमचा ताटावर वाजवू नये. आपण केलेला आवाज किती मोठा झाला हे तिला कळणार कसं? तर समोरच्याच्या चेहऱ्यावरून. ती लोकांच्या प्रतिक्रिया पाहायची, त्यावरून आवाजाची मापं शिकायची. २००८ च्या सुमारास बर्लिनला गेल्यावर तिला दिसलं की तिथे चित्रांपेक्षा आवाजाचीच कला जास्त आहे. तेव्हा तिनं ठरवलं की आवाजावर आपलाही हक्क सांगायचा. आवाज म्हणजे पैशासारखं, सत्तेसारखं चलन आहे, अशी मांडणी तिनं त्या व्याख्यानात केली.

इथे तिचं वेगळेपण समजून घ्यायला हवं, कारण बधिर कलाकार म्हटलं की आपल्या मनात एक तयार साचा उघडतो. सतीश गुजराल हे भारतातलं सगळ्यात मोठं उदाहरण. वयाच्या आठव्या वर्षी अपघातानंतर त्यांचं ऐकणं गेलं. १९४४ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, १९५२ मध्ये मेक्सिकोला गेले, आणि त्यांची फाळणीवरची चित्रं आज आपल्या कलेतिहासाचा भाग आहेत. पण त्यांच्यावर लिहिताना लिहिणाऱ्यांचा हात सारखा ‘मौन’, ‘निःशब्द वेदना’ अशा शब्दांकडे जातो. फाळणीत रडणाऱ्या बायकांची चित्रं, आणि काढणारा बधिर, म्हणजे तो स्वतःचंच मौन रंगवत असणार! फाळणी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, हे या वाचनात मागे पडतं.

सिनेमातही तेच. १९९६ चा ‘खामोशी’ आठवा. गोव्यातलं बधिर जोडपं, नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास, आणि त्यांची गाणारी मुलगी. सिनेमा मनापासून केलेला आहे, पण त्याची सगळी गंमत एका उणिवेवर उभी आहे : मुलीचं गाणं आईवडिलांना ऐकू येत नाही. म्हणजे प्रेक्षकाला जे मिळतं आणि पात्रांना जे मिळत नाही, त्या फरकातून डोळ्यांत पाणी आणायचं.

आणि मराठी राजकारणात तर ‘मूक’ हा केवढा मोठा शब्द आहे! बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं. ज्यांना बोलू दिलं जात नाही त्यांचा तो नायक. २०१६ मध्ये मराठा समाजाचे लाखोंचे मूक मोर्चे निघाले, तिथे मौन हीच घोषणा होती. दोन्हीकडे शब्द नेमका वापरला आहे, त्यात काही खोट नाही. पण या सगळ्या वापरात मूकपणा म्हणजे आवाज काढून घेतला जाणं किंवा राखून ठेवणं. ज्याची भाषाच हातात आहे, असा माणूस या रूपकात कुठे बसत नाही. तो ना बोलू न दिलेला, ना मुद्दाम गप्प राहिलेला. तो बोलतोच आहे. आपण बघत नाही, एवढंच. त्यासाठीही मराठीत शब्द आहे, आणि त्यात दोन्ही अवयव आहेत : कानाडोळा.

किमचं काम मौनावर नाही. उलट, ‘शांतता’ ही ऐकू येणाऱ्यांची कल्पना आहे, असं ती दाखवते. संगीताच्या पाश्चात्त्य लिपीत ‘पी’ हे अक्षर हळू वाजवण्याची खूण आहे. दोन पी म्हणजे आणखी हळू, तीन म्हणजे त्याहून हळू. किमच्या एका चित्रात ही अक्षरं झाडासारखी फुटत, वाढत जातात. तिचं म्हणणं असं की हजारो पी लिहिले तरी पूर्ण शांततेपर्यंत कधी पोचता येत नाही. बारावीत ‘लिमिट’ शिकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. शून्याच्या जवळ जात राहायचं, शून्य मात्र येत नाही. बधिर बाईनं सांगितलेली ही गोष्ट आहे की शांतता नावाचं काही नसतं. आपण तिच्या तोंडून नेमकं उलट ऐकायची तयारी करून बसलेले असतो.

चार रेघा आणि कंपासपेटी

तिची चित्रं दिसायला फार साधी आहेत. पांढरा कागद, कोळशाची काळी रेघ, हातानं लिहिलेली काही इंग्रजी अक्षरं. रंग जवळजवळ नाहीच. अनेक चित्रांत संगीतलिपीच्या आडव्या रेघा असतात. या रेघा खरं तर पाच हव्यात. किम बऱ्याचदा चार काढते, कारण अमेरिकन सांकेतिक भाषेत या रेघांची खूण चार बोटं आडवी धरून करतात, अंगठा त्यात नसतो. म्हणजे कागदावर जे दिसतं ते संगीताच्या पुस्तकातून आलेलं नाही, हातातून आलेलं आहे.

सांकेतिक भाषा म्हणजे हातवाऱ्यांनी बोललेली इंग्रजी किंवा मराठी नव्हे. तिचं व्याकरण वेगळं असतं, आणि ते एकाच वेळी अनेक जागी घडतं. हाताचा आकार, त्याची जागा, हालचालीचा वेग, भुवया, ओठ, खांदे, सगळं मिळून एक वाक्य होतं. किमनं यासाठी पियानोची उपमा दिली आहे. इंग्रजी म्हणजे एका वेळी एक पट्टी, सांकेतिक भाषा म्हणजे एकदम दाबलेल्या अनेक पट्ट्या. एक भुवई बदलली तर पूर्ण वाक्याचा सूर बदलतो. तिची रेखाटनं चांगली असतात तेव्हा ती खुणेचं चित्र काढत नाहीत, खुणेची वाट काढतात : हात कुठून निघाला, कुठे आदळला, कसा परत आला. ‘प्रतिध्वनी’ या शब्दाच्या खुणेत एक हात दुसऱ्या तळव्याकडे जातो आणि तिथून उसळून मागे येतो. किमनं हीच वाट मोठ्या काळ्या उड्यांच्या रूपात भिंतीवर रंगवली आहे. खूण माहीत नसेल तर ती नुसती अमूर्त नक्षी वाटते. खूण कळल्यावर तीच रेघ क्रियापद होते.

तिची मला सगळ्यात आवडलेली मालिका मात्र भूमितीची आहे : २०१८ ची ‘डिग्रीज ऑफ डेफ रेज’, म्हणजे बधिरांच्या रागाचे अंश. अंश म्हणजे कोनाचे अंश. कोळशानं काढलेले मोठाले कोन, आणि प्रत्येकाला रागाच्या एका प्रसंगाचं नाव. लघुकोनाचा राग, काटकोनाचा राग, विशालकोनाचा राग, असं करत करत पूर्ण ३६० अंशांपर्यंत. प्रवासातले राग वेगळे, शाळेतले वेगळे, कलाजगतातले वेगळे. विमानतळावर बधिर प्रवाशासाठी चाकाची खुर्ची आणून उभी करतात, त्याचा राग. दुभाष्याचे पैसे कलाकाराच्या मानधनातून कापणं योग्य आहे असं वाटणाऱ्या प्रदर्शन-संयोजकांचा राग. २०१९ च्या व्हिटनी बिएनालेत ही चित्रं होती.

ही मालिका चालते, कारण ती रागाला मोजते. अपंगत्वाबद्दल बोलताना आपल्याकडे दोनच पट्ट्या असतात : दया आणि कौतुक. राग हा त्यात बसत नाही. रागावलेला अपंग माणूस ‘कडवट’ ठरतो. किम त्या रागाला कंपासपेटीतली शिस्त देते. कोनमापक लावून बघा, हा राग एवढ्या अंशाचा आहे, याहून जास्त नाही, कमीही नाही. आणि तरी रेघ कोळशाची आहे, कागदावर पुसलेली, बोटांचे डाग पडलेली. मापन नेमकं, हात थरथरता. चित्र या दोन गोष्टींच्या मध्ये उभं राहतं. नुसता विनोद असता तर तो पहिल्या वाचनात संपला असता.

[संगीत]

आता कंसाकडे येऊ. सिनेमा किंवा व्हिडिओखाली जी अक्षरं येतात, त्यात संवादाखेरीजचे आवाज चौकोनी कंसात लिहितात. [संगीत]. [टाळ्या]. [दार वाजतं]. २०२० च्या ‘क्लोजर कॅप्शन्स’ या छोट्या फिल्ममध्ये किम या कंसाच्या मागे लागते. तिची तक्रार साधी आहे. कंसात ‘व्हायोलिनचं संगीत’ असं लिहून काय कळतं? ते व्हायोलिन रडतं आहे, चिडवतं आहे, की कुणाच्या मरणाची चाहूल देतं आहे? मथळे लिहिणारे बहुतेक लोक ऐकू येणारे असतात. त्यांना व्हायोलिन ऐकू येतं, म्हणून ते वाद्याचं नाव लिहून मोकळे होतात. मग किम स्वतः मथळे लिहायला घेते. आवाजांना तर लिहितेच, पण खोलीत शिरणाऱ्या उन्हालाही कंस देते. ज्याला आवाज नाही त्यालाही. २०२१ मध्ये तिनं मँचेस्टर शहरातल्या इमारतींवर असेच भलेमोठे मथळे लावले, जणू सगळं शहरच एक चालू असलेला व्हिडिओ आहे.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे हा कंस मला दुसऱ्या बाजूनेही माहीत आहे. यूट्यूबनं २०१७ मध्ये आपोआप तयार होणाऱ्या मथळ्यांत बोलण्याखेरीजचे आवाज टाकायला सुरुवात केली. किती प्रकारचे? तीन. संगीत, टाळ्या आणि हसू. जगात एवढे आवाज असताना तीनच का, याला गूगलनं दिलेलं कारण तांत्रिकदृष्ट्या रास्त होतं. लोक हातानं मथळे लिहितात तेव्हा हे तीन सगळ्यात जास्त येतात, आणि त्यांचा अर्थ लावायला घोळ होत नाही. नुसतं ‘वाजतं’ म्हटलं तर काय वाजतं? फोन, घड्याळ की दारावरची घंटा? मशीनला शिकवायचं तर प्रत्येक आवाजाला एकच, पक्कं नाव हवं. गूगलचीच ‘ऑडिओसेट’ नावाची आवाजांची वर्गवारी आहे, तिच्यात ६३२ वर्ग आहेत. ती यादी वाचायला मजा येते, पण ती यादी आहे. तिच्यात आवाज कशाचा आहे हे कळतं. आवाजानं काय केलं, हे कळत नाही.

किमची चित्रं आणि ही यादी शेजारी ठेवली की तिचं काम किती नेमक्या ठिकाणी लागतं ते दिसतं. सॉफ्टवेअर विचारतं, ‘हा कोणता आवाज?’ ती विचारते, ‘हा आवाज कुणासाठी लिहिला?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर अधिक विदा गोळा करून सुधारता येतं. दुसऱ्याचं येत नाही. त्यासाठी लिहिणारा बदलावा लागतो.

मराठीला मात्र या खेळात एक सवलत आहे, आणि ती इंग्रजीला नाही. आपल्याकडे आवाजाच्या साच्यात घडवलेले शब्द आवाज सोडून कुठेही फिरतात. खळखळ, सळसळ, कडकड हे तर झालेच. पण रखरखीत ऊन? मिणमिणता दिवा? लुकलुकणारा तारा, झणझणीत रस्सा, गुळगुळीत फरशी, ठसठसणारी जखम, लुसलुशीत पोळी? यातल्या एकाही गोष्टीला आवाज नाही. व्याकरणवाले यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात, पण तारा कसलं अनुकरण करतो? मराठीनं कधीच ठरवून टाकलं आहे की उजेडालाही ठेका असतो, चवीलाही असतो, दुखण्यालाही असतो. किम कोळशानं जे करू पाहते आहे ते आपल्या आज्या स्वयंपाकघरात बोलत आल्या. आणि तरी आपल्या व्हिडिओखाली काय येतं? [संगीत].

मँचेस्टरसारखा प्रयोग मराठीत करून पाहायचा तर जागा कुठली घ्यावी? मी पानशेत घेते. पुणेकरांसाठी ते शनिवार-रविवारचं ठिकाण आहे, पाणी आणि कणसं आणि फोटो. पण त्याच नावाला एक तारीख चिकटलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी आंबी नदीवरचं, अजून पुरं न झालेलं पानशेत धरण फुटलं. त्याच दिवशी खाली मुठेवरचं खडकवासलाही फुटलं आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. शहराला वेळेवर धड इशारा मिळाला नव्हता, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. जी काही खबर पोचली ती बरीचशी तोंडी पोचली, ओरडून, दारं वाजवून. म्हणजे पानशेतच्या गोष्टीत ऐकू येणं हा जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. म्हणून मथळे इथलेच.

[सिंहगड रस्ता, पावसाळी शनिवार : आपण उगाच निघालो, असं प्रत्येक गाडीला वाटतं]

[कणसाला लिंबू-मीठ लागतं : जिभेच्या आधी दात शिवशिवतात]

[कुणाचा तरी स्पीकर : पोटात धपधप, पाण्यावर काहीच नाही]

[धरणाची भिंत : जोर लावून गप्प]

[पाण्याखाली गेलेलं गाव : कुणी हाक मारत नाही, कुणी वळून बघत नाही]

[१२ जुलै १९६१ : आधी माणसं पळताना दिसतात, का ते मागून कळतं]

हे काही कलाकृती म्हणून दाखवत नाही. किमची पद्धत खरी आहे की नुसती टूम, हे तपासायचं होतं. शेवटचा मथळा लिहिताना मला तिचं म्हणणं कळलं. पुराचा मथळा लिहायचा म्हटल्यावर माझ्या हातून पहिल्यांदा पाण्याचा आवाजच लिहिला जात होता, घोंघावणारा, गडगडणारा. पण ज्याला तो येत नाही त्याच्यासाठी पुराची सुरुवात पाण्यानं होत नाही, लोकांच्या चेहऱ्यांनी होते. लहानपणी किम आवाजाची मापं शिकली ती अशीच. धोक्याचा इशारा भोंग्यानंच द्यायचा असं ठरवणारी व्यवस्था कुणाला गृहीत धरते आणि कुणाला नाही, हे एका कंसातून दिसतं. पद्धत खरी आहे.

कुणाची इंग्रजी?

एवढं कौतुक केल्यावर आता तक्रार. किमच्या कामाचा मोठा भाग शब्दांच्या कोट्यांवर उभा आहे, आणि ते शब्द इंग्रजी आहेत. काटकोनाला इंग्रजीत ‘राइट’ म्हणतात, म्हणून तिथे रास्त राग. ‘ऑब्ट्यूस’ म्हणजे विशालकोनही आणि मठ्ठही. मराठीत आणल्यावर यातलं फार थोडं उरतं. विनोद भाषांतरात मरतात यात नवल नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. ती म्हणते तशी ही चित्रं ऐकू येणाऱ्याला थोडा वेळ बाहेर उभी करतात, खूण माहीत नसल्याची टोचणी देतात. पण प्रत्यक्षात इंग्रजी वाचता येणाऱ्या कुणालाही दार उघडंच आहे. बाहेर कोण राहतं? पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातल्या एखाद्या बधिर मुलाचा विचार करा. त्याचे हात भारतीय सांकेतिक भाषेत चालतात, जिची मुळाक्षरं दोन हातांनी करतात, तर अमेरिकन भाषेतली एका हातानं. इंग्रजी त्याची तिसरी किंवा चौथी भाषा. या चित्रांसमोर तो दोनदा बाहेर : खूण परकी, अक्षरही परकं. बधिरांच्या हक्काची कला जर आधी इंग्रजीचा दाखला मागत असेल, तर तिचा राग काही अंशांनी कमी पडतो.

आपल्याकडची परिस्थिती या तक्रारीला आणखी धार देते. १८८० मध्ये मिलान इथल्या शिक्षकांच्या परिषदेनं ठराव केला की बधिर मुलांना तोंडानं बोलायलाच शिकवायचं, खुणा नकोत. मुंबईत बधिर मुलांची शाळा निघाली ती त्यानंतर लगेच, १८८० च्याच दशकात. ओठ वाचायचे, गळ्याला हात लावून कंपनं शिकायची, हात मात्र आवरायचे, ही पद्धत पुढे कितीतरी पिढ्यांनी सोसली. ‘ऐक’ म्हणजे ‘माझ्यासारखं बोल’. भारतीय सांकेतिक भाषेसाठीची राष्ट्रीय संस्था दिल्लीत २०१५ मध्ये उभी राहिली, आणि तिच्या शब्दकोशाला १०,००० नोंदींपर्यंत पोचायला २०२१ उजाडलं. २०११ च्या जनगणनेत देशात ५० लाखांहून अधिक लोकांची नोंद ऐकू न येणारे म्हणून झाली. एवढ्या माणसांच्या भाषेचा कोश आत्ता आत्ता जाडजूड होतो आहे.

दुसरी तक्रार लहान आहे, पण तुमच्यामाझ्या फोनशी संबंधित आहे. या चित्रांचे फोटो पडद्यावर अगदी मीमसारखे दिसतात. काळी रेघ, चार शब्द, हसू, पुढे. किमच्या वर्तुळाकार तक्त्यांचं तर हमखास असं होतं. ती शेअर होतात आणि संपतात. सुरुवातीला म्हटलं ते यासाठीच : पडद्यावर कोळशाचा डाग पुसट होतो, आकार हरवतो, आणि भिंतभर उसळणारा हात अंगठ्याएवढा होतो. काही कामं यातून तगतात, कोनांची मालिका तगते. काही नाही तगत, आणि त्याचा दोष सगळाच पडद्याचा नाही. एका कल्पनेवर एक चित्र, अशी सवय लागली की काही चित्रं कल्पनेपाशीच थांबतात.

कॅमेरा कुठे होता

तरी मी तिच्या बाजूनं का आहे, हे एका प्रसंगातून सांगता येईल. २ फेब्रुवारी २०२० रोजी मायामीत अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना होता. राष्ट्रगीत सांकेतिक भाषेत सादर करायला किमला बोलावलं होतं. मैदानावर ती होती, तिनं पूर्ण गीत सादर केलं. टीव्हीवर मात्र ती काही सेकंदच दिसली आणि कॅमेरा खेळाडूंकडे वळला. सांकेतिक भाषेत कॅमेरा वळणं म्हणजे गाणाऱ्याचा माईक बंद करणं. घरी बसलेल्या बधिर प्रेक्षकांसाठी गीत तिथेच तुटलं. तिनं दुसऱ्याच दिवसाच्या सुमारास न्यूयॉर्क टाइम्समध्ये याबद्दल परखड लिहिलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये सांकेतिक भाषेतल्या ‘जन गण मन’चा व्हिडिओ आला. दिग्दर्शन गोविंद निहलानींचं, पार्श्वभूमीला लाल किल्ला, अपंग मुलं आणि त्यांच्यासोबत अमिताभ बच्चन. कॅमेरा इथे हातांवरून पळून गेला नाही, हे चांगलंच. पण मधोमध उभा असलेला माणूस ऐकू येणारा आहे, आणि प्रसिद्ध आहे. नजर त्याच्याकडे जाते. एका देशात बधिर कलाकार होती पण कॅमेरा नव्हता, दुसऱ्यात कॅमेरा होता पण केंद्रस्थानी बधिर कलाकार नव्हता. किमचं सगळं काम या दोन चौकटींच्या मधल्या जागेबद्दल आहे. कुणाला बोलावलं, एवढं पुरत नाही. चौकट कुणी धरली, किती वेळ धरली, आणि खाली कंसात काय लिहिलं?

म्हणून तिच्या पद्धतीचं मराठीत काय करता येईल, हा प्रश्न माझ्या सहा मथळ्यांनी सुटत नाही. ते ऐकू येणाऱ्या बाईनं लिहिलेले आहेत, आणि सहावा सोडला तर ते वाचताना कळतंही. पानशेतचे, डेक्कनचे, लोकलचे मथळे ज्यांनी लिहायला हवेत ती माणसं पुण्या-मुंबईत आहेत, त्यांचे हात भरपूर बोलतात, आणि त्यांच्यातले काही चित्रंही काढत असतील. एखाद्या कलादालनानं त्यांना बोलावायचं ठरवलं, तर सुरुवात फार साधी आहे. खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर दुभाष्याचे पैसे लिहायचे. आणि ते कलाकाराच्या मानधनातून कापायचे नाहीत.